धरण आटलं ते वर्ष

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावचं धरण रिकामं केलं. बांधाखालून पाणी सोडायच्या मोरीचं लोखंडी दार गंजून अर्धवट उघडं अडकलं होतं. ते बदलायचं तर आधी सगळं पाणी सोडून द्यायला हवं होतं. तळ उघडा पडणारच आहे तर गाळही काढून घ्यावा, असं गावात ठरलं. होळी झाली तेव्हा पाणी संपलं, मग पोकलेन आलं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या गाळ भरून शेतांकडे धावायला लागल्या.

हे धरण नंदुरबार तालुक्यात, धानोऱ्याच्या पुढे. दोन टेकड्यांमधला नाला अडवून घातलेला मातीचा बांध आणि त्याच्यामागे साठणारं पाणी, एवढंच. नंदुरबारला जाऊन विचारलं तर निम्म्या लोकांना ते ठाऊकही नसेल. पण माझे वडील, आबा, तिथे तीसेक वर्षं चौकीदार होते. त्यामुळे आमच्या घरात धरण म्हटलं की दुसरं कुठलं धरण कोणाच्या मनात येत नसे.

एके दिवशी भावाचा फोन आला. तो गावातच असतो, शेती करतो.

"अक्का, सुट्टी लागनी का तुले? मंग ये. आबा रोज धरणवर जाई बसतस. उन्हमा. मन्हं ऐकतस नही."

मी शहाद्याला ज्युनियर कॉलेजमध्ये भूगोल शिकवते. परीक्षा संपल्या होत्या, पेपर तपासून झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी काढून गावी गेले.

आबा आता ऐंशीच्या घरात आहेत. डावा पाय किंचित आखूड, म्हणून हातात काठी. मी पोचले तेव्हा ते टोपी घालून ओट्यावर बसलेच होते, जणू मी त्यांना न्यायलाच येणार होते. चहासुद्धा घेऊ दिला नाही.

"चाल, तुले दाखाडस," म्हणाले. "तू पोरेसले पुस्तकमा शिकाडस ना, ते समदं तठे उघडं पडेल शे."

मायने डबा भरला आणि तीही निघाली. "नहीतं तुन्हा आबा दोन वाजतीन तरी जेवाले येवाव नहीत," असं मला म्हणाली. डब्यात कळण्याच्या भाकरी होत्या, ठेचा होता, दही होतं. बांधापर्यंत मी गाडी नेली. बांधावरच्या बाभळीखाली माय बसली, आणि आबा आणि मी खाली उतरलो.

मी त्या धरणाच्या काठावर लहानाची मोठी झाले, पण तळात कधी उतरले नव्हते. म्हणजे तेव्हा मला तसं वाटत होतं. वरचा गाळ वाळून भुरकट झाला होता, पण पोकलेनने मोरीजवळ जो खोल चर मारला होता, त्याच्या भिंती अजून ओलसर, काळ्या होत्या. माणूस उभा राहील आणि वर हात करेल एवढा खोल चर. उतरायला एका बाजूने उतार ठेवला होता. आबांना धरून मी आत नेलं.

आणि खरंच, मी वर्गात फळ्यावर इतकी वर्षं जे काढत आले होते, ते समोर होतं. भिंतीवर आडव्या पट्ट्याच पट्ट्या. दर पावसाळ्यात नाला पहिल्या पुराबरोबर वाळू आणि जाड माती आणतो, ती आधी खाली बसते. मग पाणी निवळतं तसा बारीक गाळ हळूहळू वर बसत जातो. खाली खरबरीत, वर मऊ, असा एकेका वर्षाचा थर. कुठे बोटाएवढा, कुठे वीतभर. मी हे आबांना सांगायला लागले, पण त्यांचं लक्षच नव्हतं. ते काठीच्या टोकाने एकेक थर दाखवत त्याचं वर्ष सांगत सुटले होते.

"हाई लाल लाल दखाय ना? टेकडीवर खदान चालू करी व्हती, तवयनं. दोन साल असंच लाल पानी उनं." मग जरा खाली. "आनि हाई कायं. टेकडीनं गवत पेटेल व्हतं. राख उनी वाहीसन."

मी खाली वाकून पाहिलं. काळी पातळ रेघ, आणि बोटाने खरवडली तर खरंच कोळशाचे कण.

सगळ्यात वरच्या थरांमध्ये गुटख्याच्या पुड्या आणि पिशव्यांचे तुकडे होते. त्याखाली एके ठिकाणी गुलाबी, निळे ठिपके दिसले. गणपती विसर्जनाचा रंग. आबांनी त्या थराला एक वर्ष सांगितलं आणि मी तिथूनच एका शाम्पूच्या पुडीचा तुकडा उपसून त्यांना दाखवला. त्या वर्षी असल्या पुड्या कुठे होत्या, असं विचारलं. त्यांनी पुडी उलटीपालटी करून पाहिली.

"मंग त्याना नंतरना सालना असी," म्हणाले, आणि पुढे सरकले. चुकल्याचं त्यांना काही वाटलं नाही. इतके खुशीत होते ते. मी त्यांना असं बोलताना फार वर्षांनी ऐकत होते. रिटायर झाल्यावर त्यांचं बोलणं हळूहळू कमी झालं होतं; आता एकेका थरापाशी थांबून ते कोणत्या वर्षी सांडव्यावरून किती पाणी गेलं, कोणाची बैलगाडी नाल्यात अडकली, कोणत्या रात्री बांधाला झिरप लागली आणि गावाने वाळूची पोती कशी टाकली, सगळं सांगत होते.

चराच्या निम्म्याच्या खाली पिवळ्या मुरमाचा एक जाड थर होता. त्याच्यावर त्यांनी काठी टेकवली.

"हाऊ तं मी डोया झाकीसन सांगसू. रस्ताना पूल वाही गया, भराव समदा धरणमा उना. तुन्हा भाऊ झाया ते साल."

त्याच्याखाली तीन-चार साधे थर होते. आणि त्यांच्याखाली मला ते दिसलं.

तिथे गाळाचा एक थर सलग नव्हता. त्यात वरून खाली निमुळत्या होत गेलेल्या भेगा होत्या, एकेक हातभर लांब, खालच्या थरांतही उतरलेल्या, आणि त्या भेगांमध्ये वरच्या वर्षाची वाळू भरलेली. थराच्या माथ्यावर पांढऱ्या गोगलगायींच्या शंखांची दाट ओळ होती. आणि वाळूने भरलेले खळगे होते, दोन-दोन जोडीने. मी एका जागी वरचा थर हाताने सोडवून पाहिला. मधल्या वाळूमुळे तो सहज सुटला. खाली खुरांचा ठसा होता. शेजारी दुसरा, मग तिसरा. गुरं इथून चालत गेली होती.

"आबा," मी म्हटलं, "एकदा हे धरण पार आटलं होतं."

"नही," ते म्हणाले.

"हे पाहा ना. चिखल उन्हाने पार वाळल्याशिवाय अशा भेगा पडत नाहीत. आणि गुरं चाललीत त्याच्यावरून."

"मशीननी पाड्या व्हतीन तडा."

"मशीनने पाडल्या असत्या तर त्यांच्यात जुनी वाळू कशी भरली असती?"

"गुरं पानी प्याले येतस," ते म्हणाले.

"काठावर येतील. मोरीच्या तोंडाशी? इथे तर सगळ्यात खोल."

त्यांनी काठी जमिनीवर टेकली. मग जुन्या सवयीने, पण आता आवाजात जरा धार आणून म्हणाले, "मन्ही नोकरीमा हाई धरण कधीच आटनं नही. कमी झायं, पन तळ दिसना नही. कोनलेबी इचार."

मी विषय सोडून दिला असता. पण त्यांनी सोडला नाही. ते पुन्हा पिवळ्या मुरमापाशी गेले आणि तिथून एकेक थरावर बोट टेकवत खाली आले. एकदा मोजून झाल्यावर दुसऱ्यांदा. मग बोट त्या भेगांवर ठेवून तसेच उभे राहिले. त्यांचा दुसरा हात मांडीवर गेला होता, डाव्या मांडीवर. मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा माझ्याही लक्षात आलं ते कोणतं वर्ष.

मी पाच वर्षांची असताना आबा मोरीच्या दारापाशी उतरणाऱ्या विहिरीत गेले होते. वर येताना शिडीचा गज तुटला, ते खाली पडले आणि मांडीचं हाड मोडलं. धुळ्याच्या दवाखान्यात पायाला वजन टांगून त्यांना महिनोन्‌महिने निजवून ठेवलं होतं. त्यानंतर तळोद्याला आत्याकडे. फाल्गुनात गेलेले ते श्रावणात घरी आले. पाय आखूड राहिला तो तेव्हाचा.

आबांनी वर बांधाकडे पाहिलं. माय बाभळीखाली बसून आम्हाला जेवायला येण्याची खूण करत होती.

बाभळीखाली आम्ही जेवलो.  मायने दोनदा विचारलं, ठेचा तिखट झाला का. आबांनी नुसती मान हलवली. भाकरी संपल्यावर त्यांनी हात धुतले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मग विचारलं.

"मी धुयाले व्हतू ते साल, धरण आटनं व्हतं का?"

माय डबा आवरत होती. तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं, मग खाली चराकडे, जिथून पोकलेन अजून गाळ उचलत होतं.

"आटनं व्हतं," ती म्हणाली.

"समदं?"

"समदं."

"आनि मले काब्र सांगं नही?"

"तुम्हले सांगं असतं तं तुम्ही मोडेल पाय लिसन चालत उना असतात."

हे खोटं नव्हतं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की दवाखान्यात त्यांनी एकदा वजनाची दोरी सोडायचा प्रयत्न केला होता, कारण कोणीतरी वाऱ्यावादळाची बातमी आणली होती. काकांनी त्यांना धरून ठेवलं होतं.

मग मायने सगळं सांगितलं, घाईघाईने, डब्याची झाकणं लावत. त्या वर्षाच्या आधीचे दोन पावसाळे कोरडे गेले होते. धरणात पाणी थोडंच होतं आणि आबा ते जपून ठेवत होते, शेवटच्या गरजेला म्हणून. त्यांच्या जागी दुसऱ्या धरणावरचा एक माणूस आठवड्यातून एकदा सायकलीवर येऊन जायचा. पण मोरीचं दार फिरवायची लोखंडी चावी, हातभर लांब, जड, आमच्याच घरात खुंटीला टांगलेली असायची. वैशाखात एका सकाळी खालच्या गावच्या बाया आमच्या दारात आल्या. त्यांच्या विहिरी तळाला गेल्या होत्या, नाल्यातले डोह कोरडे पडले होते, गुरं उभी राहू शकत नव्हती. चौकीदार नाही, म्हणून त्या चौकीदाराच्या बायकोकडे आल्या होत्या.

"मंग?" आबांनी विचारलं.

"मंग मी चावी काढी दिधी."

"कोनले इचारं?"

"कोनलेच नही."

त्या दिवशी खालच्या गावच्या माणसांनी दार उघडलं. पाणी नाल्याने त्यांच्या डोहांपर्यंत गेलं, गुरं पाणी प्यायली. दाराच्या पातळीपर्यंतचं पाणी गेल्यावर तळाशी उरलं ते एक डबकं, आणि ज्येष्ठात तेही आटलं. वरच्या आणि खालच्या दोन्ही गावांची गुरं ओलीचा वास घेत तळात उतरायची.

दर आठ-पंधरा दिवसांनी माय बसने धुळ्याला जायची. आबा तिला पहिला प्रश्न विचारायचे तो पाण्याचा. बांधाच्या आतल्या अंगाला लावलेल्या दगडांपैकी किती दगड उघडे पडलेत, असं. ती वाटेत बसमध्ये ठरवून ठेवायची. मागच्या वेळी किती सांगितले होते ते आठवून त्यात एक-दोन मिळवायची. आबा घरी आले तोवर पाऊस चांगला झाला होता आणि धरण निम्मं भरलं होतं. ती दोन्ही गावांत सांगून आली होती, धरण आटलं होतं हे ह्यांना कोणी सांगू नका. लोकांनी ऐकलं. सुरुवातीला आजारी माणूस म्हणून, मग तो आपल्या धरणाचं इतकं कौतुकाने सांगतो म्हणून, आणि मग पुष्कळ वर्षं झाली म्हणून.

"मासा?" आबांनी विचारलं. ते इतक्या वेळाने काय विचारतील याचा मला अंदाज नव्हता, पण हे नक्कीच नव्हतं. "मी उनू तवय धरणमा मासा व्हतात. मोठल्या मरळी व्हत्यात. त्या कोठून उन्यात?"

मायने पदर तोंडाशी धरला. ती हसत होती की लाजत होती मला कळेना.

आमच्या घरात मासे खात नाहीत. आजही अंडं घरात येत नाही. पण डबकं आटायला लागलं आणि सगळे मासे तेवढ्याशा चिखलपाण्यात उड्या मारायला लागले, तेव्हा माय तिथे हंडा घेऊन गेली. गावातले भोई मासे पकडायला आलेच होते. त्यांना ती म्हणाली, न्या, पण मोठे थोडे मला जिवंत द्या. हंड्यात पाणी घालून त्यात मरळी टाकून ती आणि शेजारची एक बाई अशा दोघींनी खेपा घातल्या आणि गावच्या जुन्या विहिरीत ते मासे सोडले. पाऊस पडून धरणात पाणी आल्यावर भोयांनाच सांगून ते पुन्हा धरणात नेऊन टाकले.

ती हे सांगत असताना मला एकदम काहीतरी आठवलं. मी खूप लहान आहे, पायाखाली गरम, फुटलेली जमीन आहे, भेगा इतक्या रुंद की मी उडी मारून ओलांडते आहे, आणि पुढे चालणाऱ्या मायच्या डोक्यावरच्या हंड्यातून धप धप आवाज येतो आहे. हे मी आयुष्यभर स्वप्न समजत होते. मला वाटायचं, हंड्यात कोणी जिवंत कसं असेल. मी ते तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तू मन्हा मांगे मांगे हिंडे. तुन्हा पाय पोळनात. मी उचली लिधं मंग. एक हात हंडाले, एक हात तुले."

आबा उठले आणि गाडीत जाऊन बसले.

पुढचे दोन दिवस घरात अवघड गेले. आबा भांडले नाहीत. ते भांडणारे नाहीतच. पण मायशी थेट बोलायचे थांबले. चहा हवा असला की मला सांगायचे, अंघोळीचं पाणी झालं का ते भावाला विचारायचे. आणि तिला काही विचारायचं झालं की भिंतीकडे पाहून विचारायचे. "दार कितलं उघडं व्हतं?" माय चुलीपाशी बसून सांगायची, मला काय ठाऊक, मी बघायला गेले नव्हते. तासाभराने पुन्हा, "चावी परत कोनी आनी दिधी?" तिला त्यांच्या रागाचा राग येत नव्हता. ती फक्त थोडी घाबरी झाली होती, आणि त्या वयात तिला तसं पाहून मला फार माया आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी शेवटी तिच्याकडे पाहून विचारलं, "मी चावी नसती दिधी, असं वाटनं तुले?"

"दिधी असती तुम्ही," ती म्हणाली. "पन इचार करीसन."

"मंग? इचार नको करू का?"

ती भाकरी थापत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, "ताई, गाडी काढ. खालना गावले जाई येऊत."

खालचं गाव नाल्याने गेलं तर जवळ आहे, रस्त्याने वळसा पडतो. त्या दिवशी दारात आलेल्या बायांपैकी कोण राहिलं आहे हे भावाने चौकशी करून ठेवलं होतं. एकच होती. मायपेक्षाही वयाने मोठी, वाकलेली, पण नजर अजून तीक्ष्ण. तिच्या घरच्यांनी आम्हाला खाटेवर बसवलं. आबांना तिने ओळखलं आणि लगेच हात जोडले.

"चौकीदार भाऊ, तुम्हना उपकार शेतस आम्हनावर," ती म्हणाली. "दवाखानामा पडेल व्हतात तरी निरोप धाडा तुम्ही. पानी सोडा, म्हने."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मायने त्या बायांना तसं सांगितलं होतं. चावी देताना ती म्हणाली होती, ह्यांचाच निरोप आला आहे. म्हणजे पुढे कोणी काही बोललं तर बोल चौकीदाराच्या बायकोला लागू नये म्हणून, की चौकीदाराचं नाव चांगलं राहावं म्हणून, कोण जाणे. मी तिला अजून विचारलेलं नाही.

आणि तेव्हा मला आणखी एक गोष्ट समजली. दर वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खालच्या गावातून आमच्याकडे आंब्यांची पाटी यायची. मी लहान होते तेव्हापासून. आबा म्हणायचे, चांगली नोकरी केली की लोक आठवण ठेवतात. त्या आंब्यांचा रस आम्ही दर वर्षी पुरणपोळीबरोबर खात आलो होतो.

आबांना गप्प बसता आलं असतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ते जरा वेळ काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बसले, मग म्हणाले, "निरोप मन्हा नव्हता. मले माहीतच नव्हतं. चावी तिनी तिना मनथून दिधी."

म्हातारीने हे नीट ऐकलं. नातसुनेला पुन्हा मोठ्याने सांगायला लावलं. मग तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"मंग इतला साल आंबा तुम्हीच खाई ऱ्हायना व्हतात का?"

आबाही हसले. ते दोन दिवसांनी पहिल्यांदा हसत होते.

त्या वर्षी तिचं एक वासरू खाली बसलं होतं ते उठत नव्हतं, आणि डोहात पाणी आलं त्या संध्याकाळी ते उठलं, हे तिने आम्हाला सांगितलं. पुढे ती गाय झाली, तिची वासरं झाली. गोठ्यात आत्ता बांधलेल्या एका गायीकडे बोट दाखवून ती म्हणाली, ही त्याच वंशातली. खरं-खोटं देव जाणे, पण आबा उठून गोठ्यापर्यंत गेले आणि त्या गायीच्या पाठीवर हात ठेवून आले.

निघताना म्हातारीने पाटीभर आंबे गाडीत ठेवायला लावले आणि आबांना बजावलं, हे बाईला द्यायचे. परत येताना आबा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मी बी दिधी असती चावी. एक दिन थांबाडं असतं त्यासले. दखं असतं, इचार करा असता. मंग दिधी असती."

घरी आल्यावर त्यांनी पाटी स्वतः उचलून आत नेली. मी धरायला गेले तर नको म्हणाले. ती मायच्या पुढ्यात ठेवली आणि गाडीत मला सांगितलं होतं तेच तिला सांगितलं, एक दिवस थांबवलं असतं, मग दिली असती.

माय आंबे हाताने चाचपून पिकलेले वेगळे काढायला लागली होती. मान वर न करता ती म्हणाली, "एक दिनमा वासरं मरतस."

आबा तिच्यासमोर खाली बसले. "हा," म्हणाले. "ते बी खरंच."

मग तिने काढलेले पिकले आंबे ते एकेक करून टोपलीत ठेवायला लागले. मी तिथून उठून ओट्यावर आले.

मी शहाद्याला परत निघायच्या आधी पुन्हा एकदा चरात जाऊन त्या थराचा फोटो काढावा म्हणून धरणावर गेले. माझ्या विद्यार्थ्यांना दाखवायचा होता. पण पोकलेन पुढे सरकलं होतं आणि ती भिंत उचलून नेली होती. ट्रॉल्या कोणाच्या शेतात गेल्या, ते विचारलं तर ड्रायव्हरला सांगता येईना. त्या दिवशी बऱ्याच जणांनी गाळ नेला होता. भावानेही आमच्या कापसाच्या शेतात काही ट्रॉल्या टाकल्या होत्या. मी शेताच्या बांधावर जाऊन पाहिलं तर ढेकळांमध्ये पांढरे शंख दिसत होते. त्याच थरातले असतील किंवा नसतीलही.

नवं दार बसलं. पाऊस वेळेवर आला आणि भाद्रपदात धरण सांडव्याच्या जवळ पोचलं. गणपतीच्या सुट्टीत मी गावी गेले होते. आबा धरणावर जाणारच होते, पण त्या दिवशी माय म्हणाली, मीही येते. आम्ही तिघं बांधावर जाऊन बसलो. पाणी गढूळ होतं, वारा होता, पलीकडच्या काठाला कोणीतरी म्हशी धूत होतं.

आबांनी हल्ली ही गोष्ट गावात सांगायला सुरुवात केली आहे. चावी कशी दिली, मरळी कशा वाचवल्या. दर खेपेला त्यात थोडी भर पडते. भावाने सांगितलं की आता हंड्यांच्या खेपा फार वाढल्या आहेत आणि मायने ऐकलं की ती ओरडते, इतक्या नव्हत्या. त्या दिवशीही त्यांनी मला ती पुन्हा ऐकवली, जशी मी तिथे नव्हतेच. म्हणाले, हिला धरणाची किती माया, मला इतकी वर्षं कळलंच नाही.

"मले हाई धरण कधीच आवडनं नही," माय म्हणाली.

आबा थांबले.

"पाऊस पडे तवय रातभर तुम्ही आठे. मी पोरेसले लिसन दारमा बसू. बांध फुटना तं पहिला कोन जाई, हाई माहीत व्हतं मले." ती शांतपणे सांगत होती, तक्रार म्हणून नाही. "मले कसाले आवडी?"

"मंग मासा काब्र वाचाडात?"

"तुम्ही घर येतात नि धरणमा मासा नहीत दखतात तं रडतात."

 आबा पाण्याकडे पाहत होते, मग तिच्याकडे पाहायला लागले, असं की मलाच दुसरीकडे पाहावंसं वाटलं.

थोड्या वेळाने वारा वाढला. मायने पदर डोक्यावरून घेतला आणि म्हणाली, घरी जायला हवं, म्हशीचं दूध काढायची वेळ झाली. ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. आबा एरवी दिवस मावळेपर्यंत तिथून हलत नाहीत. त्या दिवशी ते तिच्या मागोमाग उठले.